पाच हजार पटींची पेशी

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. आठवीच्या अभ्यासक्रमातील ‘पेशी व पेशीअंगके’ हा घटक जवळ आला की वर्गात प्रतिकृतींचा एक ठरावीक ढीग जमा होत असे : थर्माकोलचा पत्रा, त्यावर हिरवी चौकट, मधोमध लाल चेंडू, भोवती चिकटवलेले मणी आणि टाचण्यांना लावलेल्या नावांच्या चिठ्ठ्या. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आल्यावर पत्र्याची जागा फोमशीटने घेतली, प्रतिकृती मात्र तीच राहिली. त्यांतील काही पालकांनी रात्री जागून केलेल्या असत, काही सरळ स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या असत. मुलांना त्यामुळे नावे पाठ होत, हे मान्य करायला हवे; परंतु पानाला हिरवा रंग देणारे हरितलवक मोठे की पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका, द्रवाने भरलेली पिशवी म्हणजे रिक्तिका पेशीचा किती भाग व्यापते, असे विचारले की उत्तर टाचणीच्या चिठ्ठीपुढे जात नसे. म्हणून एका वर्षी मी ठरवले की प्रतिकृती घरी करायचीच नाही. ती वर्गात, गटाने, आधी सूक्ष्मदर्शकातून पाहून आणि मग मोजमापाने करायची.

सुरुवात कांद्यापासून केली. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक एवढी मोठी असते की हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, त्यामुळे साहित्य कोठून आणायचे हा प्रश्न कोणालाच पडला नाही. कांद्याची जाड पाकळी मोडली की तिच्या आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा अलगद सुटतो. तो पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर आयोडीनचा एक थेंब टाकायचा आणि आच्छादन काच एका कडेने तिरकी टेकवत हळूहळू खाली सोडायची. ती एकदम टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुले त्या काळ्या कडेच्या गोलांनाच पेशी समजून मोठ्या निष्ठेने त्यांचे चित्र काढतात. पापुद्रा नीट बसला की विटांच्या रचनेसारखी लांबट पेशींची ओळ दिसते आणि प्रत्येकीत पिवळसर तपकिरी रंग घेतलेला केंद्रक दिसतो. हा केंद्रक बहुधा पेशीच्या मधोमध नसतो, एका कडेला सरकलेला असतो. पुस्तकातील आकृतीची सवय झालेल्या मुलांना ते खटकले आणि तसे त्यांनी विचारलेही. रॉबर्ट ब्राऊन यांनी 1831 मध्ये ऑर्किडच्या पेशी पाहताना या भागाला केंद्रक हे नाव दिले एवढे सांगून तो कडेला का असतो याचे उत्तर मी मुद्दाम राखून ठेवले, कारण ते उत्तर मुलांच्या हातून निघावे अशी माझी इच्छा होती.

त्यानंतर मोजमाप केले. सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवली की शंभर पट वर्धनात मिलिमीटरच्या जेमतेम दोन खुणा दिसतात. आमच्या सूक्ष्मदर्शकात दृश्यक्षेत्राचा व्यास सुमारे 1.8 मिलिमीटर भरला. आता या व्यासावर कांद्याच्या किती पेशी लांबीने ओळीत बसतात ते मोजायचे. बहुतेक गटांना सहा पेशी मिळाल्या, म्हणजे एका पेशीची लांबी 0.3 मिलिमीटर, अर्थात 300 मायक्रोमीटर. एका मिलिमीटरचे हजार मायक्रोमीटर होतात हे मुलांना पाठ होते, पण आपण स्वतः मोजलेली एखादी वस्तू मायक्रोमीटरमध्ये लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता.

प्रतिकृतीसाठी आम्ही पाच हजार पट हे प्रमाण घेतले, कारण त्यात हिशेब सोपा होतो : खरा 2 मायक्रोमीटर म्हणजे प्रतिकृतीतील 1 सेंटिमीटर. या प्रमाणात कांद्याची पेशी दीड मीटर लांब झाली असती, म्हणून पानाच्या आतील पेशी निवडली. ती साधारण 30 ते 60 मायक्रोमीटरची असते आणि तिच्यात हरितलवकेही असतात, जी कांद्याच्या पापुद्र्यात नसतात. साठ मायक्रोमीटरचे तीस सेंटिमीटर झाले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, म्हणजे बुटाचं खोकं.” त्याचा चुलता चपलांच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे प्रत्येक गटाला जवळजवळ सारख्या मापाचे, सुमारे 30 सेंटिमीटर लांब, 18 रुंद आणि 11 उंच असे खोके मिळाले. खोक्याचा पुठ्ठा एक मिलिमीटरच्या आसपास जाड होता. पाच हजारांनी भागल्यावर ही जाडी 0.2 मायक्रोमीटर येते आणि वाढत्या वनस्पतिपेशीची भित्तिका साधारण तेवढ्याच जाडीची असते. हा योग जुळून आला, पण तो जुळला हे मुलांनीच भागाकार करून शोधले.

प्रद्रव्यपटलाची, म्हणजे भित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्याची, गोष्ट याहून रंजक झाली. या पटलाची जाडी सुमारे 7.5 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) असते; पाच हजार पटींनी ती 0.04 मिलिमीटरच्याही किंचित खाली राहते. एवढे पातळ काय असते, असा प्रश्न मी टाकला आणि मुले घरून कागदाचे, कापडाचे, प्लास्टिकचे तुकडे घेऊन आली. एकेका तुकड्याचे दहा पदर करून स्क्रू गेजमध्ये धरायचे आणि आलेली जाडी दहाने भागायची, असा उद्योग दोन तासिका चालला. वहीचा कागद दुपटीहून जास्त जाड निघाला. टॉवेल ज्या पातळ, पारदर्शक पिशवीत घालून विकायला ठेवतात ती मात्र 0.04 मिलिमीटरच्या अगदी जवळ आली. ज्यांच्या घरचे टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी अशा फाटक्या, टाकून दिलेल्या पिशव्यांचा गठ्ठाच आणला. भौतिकशास्त्राच्या कपाटातील स्क्रू गेज जीवशास्त्राच्या तासाला बाहेर पडल्याचे पाहून आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी दोनदा खात्री करून घेतली की मी चुकीचे साहित्य तर मागत नाही ना.

अंगकांची, म्हणजे पेशीच्या आतील लहान भागांची, यादी अशा रीतीने ठरत गेली. हरितलवक सुमारे 5 मायक्रोमीटर लांब आणि 2 मायक्रोमीटर जाड, म्हणून अडीच सेंटिमीटर लांबीची, एक सेंटिमीटर जाडीची शाडूची चपटी गोळी, हिरव्या रंगात बुडवलेली. आणि पानाच्या एका पेशीत ती चार-पाच नसतात, तर कितीतरी असतात, म्हणून प्रत्येक गटाने चाळीस करायच्या. केंद्रकासाठी मध्यम लिंबू. तंतुकणिकेची रुंदी अर्धा ते एक मायक्रोमीटर आणि लांबी त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणून शेंगदाणे. ते किंचित जाडच होते, पण सोलापुरात शेंगदाण्याला पर्याय सुचणे कठीण. “काय करायलास बे, तंतुकणिका खायलास!” असा आरडाओरडा एका गटातून आला, तेव्हा वर्गातील सर्वांनाच तो शब्द कायमचा पाठ झाला असावा. आंतर्द्रव्यजालिकेसाठी केंद्रकाला लागून दुमडत नेलेली जिलेटिन कागदाची घडी घेतली आणि गॉल्गी संकुलासाठी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या कागदी चकत्यांची चळत केली. रायबोझोमचा व्यास पंचवीस नॅनोमीटर धरला तर प्रतिकृतीत तो एका मिलिमीटरचा आठवा भाग येतो. बाजारातील प्रतिकृतींमध्ये रायबोझोम म्हणून मोहरी किंवा मणी चिकटवलेले असतात. आमच्या मुलींनी बारीक चाळणीतून गाळलेली रांगोळी आणली आणि तीच प्रमाणाला सर्वांत जवळची ठरली.

खरी कसोटी रिक्तिकेची होती; तिच्यासाठी पिशवी घ्यायची होती. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत मध्यवर्ती रिक्तिका बहुधा 80 ते 90 टक्के जागा व्यापते. हे वाक्य मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो आणि मुले ते उतरवून घेत आली होती. या वेळी त्यांनी खोक्याचे घनफळ काढले : तीस गुणिले अठरा गुणिले अकरा, म्हणजे 5940 घन सेंटिमीटर, जवळजवळ सहा लिटर. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे पावणेपाच लिटर. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग गप्प झाला आणि मग एक मुलगी म्हणाली, “सर, एवढी पिशवी आत घातल्यावर बाकीचं सगळं कुठं ठेवायचं?” माझ्या मते संपूर्ण घटकातील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. उरलेल्या बाराशे घन सेंटिमीटरला खोक्याच्या सहाही बाजूंच्या क्षेत्रफळाने भागले की पेशीद्रव्याचा थर सरासरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा थोडाच जास्त येतो. त्यावर लगेच दुसरी शंका निघाली की हरितलवक तर एक सेंटिमीटर जाड आहे आणि लिंबू त्याहून कितीतरी मोठे आहे. मग पिशवीत हवा भरून ती खोक्यात दाबून बसवली, तेव्हा मऊ पिशवीला लिंबाच्या जागी खोलगट आकार आला आणि हिरव्या गोळ्या पिशवी व पुठ्ठा यांच्यामध्ये कडेकडेने दबून बसल्या. कांद्याच्या पेशीतील केंद्रक कडेला का होता, हे आता कोणाला सांगावे लागले नाही.

पिशवीत पाणीच भरावे असा आग्रह काही गटांनी धरला होता. पावणेपाच किलो वजन पुठ्ठ्याच्या तळाला पेलत नाही हे एका गटाने फरशी ओली करून सिद्ध केले आणि बाकीच्यांनी हवेवर समाधान मानले. हवेचा एक फायदाही झाला. रिकामे खोके दोन्ही हातांनी दाबले की चेपते, आत पिशवी फुगवून तोंड बांधले की तेच खोके ताठ होते. बाहेरची भित्तिका ताण सहन करते आणि आतील द्रव तिच्यावर दाब देतो, या दोहोंच्या बळावर कोवळे देठ उभे राहतात. वनस्पतिपेशीतील हा दाब अनेकदा मोटारीच्या टायरमधील दाबापेक्षाही जास्त असतो, हे ऐकून मुलांना नवल वाटले. एप्रिलच्या उन्हात मंडईतून आणलेली कोथिंबिरीची जुडी दुपारपर्यंत माना टाकते आणि पाण्यात उभी केली की संध्याकाळी पुन्हा सावरते, हे प्रत्येकाने घरी पाहिलेले होते. फक्त त्याचा संबंध रिक्तिकेशी आहे हे कोणी सांगितले नव्हते.

रिक्तिका डोळ्यांनी दिसावी म्हणून आणखी दोन गोष्टी केल्या. शाळेच्या कुंडीत जांभळ्या पाठीची रिओची पाने आहेत. त्यांच्या खालच्या बाजूचा पापुद्रा काढून पाहिला की काही पेशी संपूर्ण जांभळ्या भरलेल्या दिसतात, कारण तो रंग रिक्तिकेतील द्रवात विरघळलेला असतो. काचेच्या कडेने मिठाचे दाट पाणी सोडले की काही मिनिटांत जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत आकसू लागतो आणि भित्तिका मात्र आपल्या जागी तशीच उभी राहते. हे दृश्य पाहण्यासाठी मुलांनी एकमेकांना ढकलून रांग मोडली, आणि मीही फारसे रागावलो नाही. दुसरी गोष्ट डाळिंबाची. या फळाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच, केगाव येथे आहे आणि जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा भरपूर आहेत. आपण जो लाल रस खातो, तो बहुतांशी दाण्याच्या गरातील लांबट पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठलेला द्रव असतो. येथे एक सावधगिरी घ्यावी लागते : एक दाणा म्हणजे एक पेशी असा समज मुले पटकन करून घेतात, म्हणून दाण्याचा पातळ काप दाखवून त्यात किती पेशी आहेत हे त्याच वेळी स्पष्ट करणे आवश्यक आहे.

प्रतिकृती तयार झाल्यावर मी हायड्रिला दाखवली. हा क्रम मी जाणीवपूर्वक ठेवला होता. शोभेच्या माशांच्या दुकानात ही पाणवनस्पती सहज मिळते. तिचे पान दोनच पेशींइतके जाड असल्याने कापण्याची गरज पडत नाही, सबंध पान काचेवर ठेवता येते. चारशे पट वर्धनात हरितलवके पेशीच्या कडेने बसलेली दिसतात आणि दिव्याच्या उजेडात थोडा वेळ थांबले की ती कडेकडेने फिरू लागतात. मधल्या मोकळ्या भागातून ती जात नाहीत, कारण तो भाग मोकळा नसून रिक्तिकेने भरलेला आहे. आधी हायड्रिला आणि मग प्रतिकृती, असा क्रम ठेवला असता तर मुलांनी हिरवे ठिपके हलताना पाहून आनंद मानला असता. त्या ठिपक्यांच्या रस्त्याचा आकार असा का आहे, हे मात्र हाताने पिशवी दाबून बसवल्यामुळेच त्यांच्या लक्षात आले, असे मला वाटते.

भित्तिकेसाठी निव्वळ पुठ्ठ्यावर थांबणे सोलापुरात तरी योग्य झाले नसते. पेशीभित्तिकेचा मुख्य घटक सेल्युलोज, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. वर्गातील अर्ध्याअधिक मुलांच्या घरात कोणी यंत्रमागावर असते, कोणी कांड्या भरते, त्यामुळे सुताची कमतरता नव्हती. खोक्यावर खळ लावून सुताचे थर एकमेकांना छेद देत गुंडाळले, कारण भित्तिकेतही सेल्युलोजचे तंतू थराथराने, वेगवेगळ्या दिशांनी बसवलेले असतात. हे काम चालू असताना मी देवाच्या वातीचा कापूस आणायला सांगितला आणि त्यातील एक तंतू वेगळा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चपटी, ठिकठिकाणी पीळ पडलेली फीत दिसली. शेजारी पॉलिएस्टरच्या धाग्यातील तंतू ठेवला, तो सरळसोट आणि गुळगुळीत दिसला.

कापसाचा तो एक तंतू म्हणजे एक पेशी आहे, यावर प्रथम कोणाचा विश्वास बसला नाही. सरकीच्या बाह्य आवरणातील एकेक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास बाहेर वाढू लागते, सुमारे तीन आठवडे लांब होत राहते, आतून सेल्युलोजचे थर चढवून भित्तिका जाड करते आणि शेवटी मरते. बोंड फुटले की ती सुकते, चपटी होते आणि तिला पीळ पडतो. तंतूची लांबी अडीच ते तीन सेंटिमीटर आणि रुंदी पंधरा-वीस मायक्रोमीटर. मुलांनी आपणहून पाच हजारांनी गुणाकार केला : रुंदी आठ-दहा सेंटिमीटर, म्हणजे खोक्यापेक्षाही कमी, आणि लांबी सव्वाशे ते दीडशे मीटर. शाळेच्या मैदानात ती मावत नव्हती. दोन मुलांनी सुताचे एक टोक वर्गाच्या खिडकीला बांधले आणि रिळ सोडत फाटकाबाहेर चौकापर्यंत गेले. मोजपट्टीऐवजी पावले मोजली असल्याने नेमके अंतर किती झाले यावर नंतर बराच वाद झाला. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिली तीही मृत पेशींच्या भित्तिकांची रिकामी घरेच होती, हे येथे सांगितल्यावर एका मुलाने विचारले की मग आमची सोलापुरी चादर ही सगळी मेलेल्या पेशींच्या भित्तिकांचीच का. तसेच आहे, असे मी सांगितले. चादर आणि टॉवेल पाणी का शोषतात, हा पुढचा प्रश्नही त्याच ओघात आला, आणि सेल्युलोजच्या रेणूंना पाण्याचे रेणू सहज चिकटतात इतपत उत्तर आठवीसाठी पुरेसे ठरले.

अखेरीस सर्व खोकी खळीने एकमेकांना चिकटवून व्हरांड्यात एक ऊती उभी केली, कारण पानात पेशी एकटी नसते. शेजारच्या पेशींना जोडणारे पेक्टिनचे पटल खळीने दाखवले गेले आणि पेशींमधील जीवद्रव्याच्या मार्गिका दाखवण्यासाठी दोन्ही पुठ्ठ्यांतून सुई टोचली. खऱ्या मार्गिकांचा व्यास चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे प्रतिकृतीत पाव मिलिमीटर. बारीक सुईचे टोक जेमतेम घुसवले की काम भागते. काही मुलांनी उत्साहाने दाभण आणला होता, तो परत ठेवायला लावला.

प्रत्येक गटाने आपल्या खोक्यावर एक कार्ड लावले, ज्यात या प्रतिकृतीत काय खरे नाही ते लिहायचे होते. हा भाग गुणांसाठी ठेवला नव्हता, तरीही सर्वांत जास्त चर्चा त्यावरच झाली. पेशी इतकी काटकोनी नसते. शेंगदाण्यात तंतुकणिकेच्या आतल्या घड्या नाहीत. रिक्तिकेत हवा नसते. हरितलवके हलत नाहीत. लिंबाला स्वतःचा वास आहे. एका कार्डावर लिहिले होते की आमच्या प्रद्रव्यपटलातून काहीच आतबाहेर जात नाही, म्हणून ही पेशी जगली नसती. मी काही सांगायच्या आत त्या गटातील एका मुलीने ते स्वतः लिहिले होते.

एका सहकाऱ्यांनी रास्त आक्षेप घेतला की परीक्षेत आकृती काढून भागांना नावे द्यायची असतात आणि आमच्या खोक्यात अर्धी अंगके पिशवीआड लपलेली आहेत. पुस्तकातील आकृतीला प्रत्येक अंगक ठळक दाखवावेच लागते, त्यात गैर काही नाही. फक्त ती आकृती प्रमाणात नसते हे मुलांना माहीत असावे. घटक चाचणीत नावे आणि आकृती नेहमीइतकीच बरी आली. रिक्तिकेवरच्या प्रश्नाला मात्र बहुतेकांनी टक्केवारीबरोबर कारणेही लिहिली, आणि दोघा-तिघांनी पावणेपाच लिटर हा आकडा खऱ्या पेशीचा म्हणून लिहिला, ज्यासाठी गुण कापावे लागले.

शेंगदाण्यांना मुंग्या लागल्यामुळे ती ऊती फार काळ उभी ठेवता आली नाही. येत्या वर्षी दोन हजार पट हे प्रमाण घ्यावे असा विचार आहे. त्यात कांद्याची पेशी साठ सेंटिमीटरची होते, जी टॉवेलच्या मोठ्या खोक्यात बसते, आणि पानाची पेशी हाताच्या पंजात मावेल इतकी होते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवता येतील. हरितलवकासाठी तेव्हा एक सेंटिमीटरची गोळी लागेल आणि तंतुकणिकेसाठी शेंगदाणा चालणार नाही. तांदळाचा दाणा चालेल, पण तो मधोमध मोडावा लागेल.